टोबियास मायर : चंद्राचा हिशेब मांडणारा गणिती

भर समुद्रात गलबताचे स्थान निश्चित करावयाचे तर दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : अक्षांश आणि रेखांश. यांपैकी अक्षांश काढणे फारसे अवघड नव्हते. दुपारच्या सूर्याची किंवा रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेस अगर दक्षिणेस आहोत हे दर्यावर्दींना कळत असे. परंतु पूर्व-पश्चिम दिशेने आपण किती अंतर आलो, हे सांगणारे विश्वसनीय साधन अठराव्या शतकाच्या आरंभी कोणाजवळही नव्हते. त्यामुळे कप्तान गलबताचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधीत. हा अंदाज चुकला म्हणजे काय होते, याची प्रचीती इंग्लंडला १७०७ साली आली. त्या वर्षी इंग्रजी आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आदळून बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून मोठे बक्षीस जाहीर केले. सागरी सफरीत अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश सांगणारी व्यवहार्य रीत जो दाखवील त्याला वीस हजार पौंड मिळावयाचे होते. अचूकता याहून कमी असल्यास पंधरा किंवा दहा हजार पौंड ठेवले होते.

या प्रश्नाच्या उत्तरात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या टोबियास मायर यांनी आयुष्यात कधी समुद्रप्रवास केला नाही. त्यांचे सारे जीवन जर्मनीतील अंतर्भागातल्या गावांत गेले. कोणत्याही विद्यापीठात ते शिकले नव्हते आणि वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. असे असूनही त्यांच्या चांद्र कोष्टकांच्या आधारे जहाजांना महासागरात आपले स्थान शोधता येऊ लागले. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी प्रथम चंद्र आणि रेखांश यांचा संबंध पाहिला पाहिजे.

आकाशातील घड्याळ

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, पूर्ण करते. म्हणजे एका तासात ती १५ अंश फिरते आणि एक अंश फिरण्यास तिला चार मिनिटे लागतात. म्हणून दोन ठिकाणांच्या रेखांशांतील फरक हा वस्तुतः त्या ठिकाणांच्या वेळेतील फरकच होय. जहाजावरील स्थानिक वेळ सूर्याच्या वेधावरून काढता येते. त्याच क्षणी ग्रिनिचला किती वाजले आहेत एवढे कळले, तर दोहोंच्या वजाबाकीतून रेखांश मिळतो. तथापि लंबकाची घड्याळे हेलकावणाऱ्या जहाजावर निरुपयोगी ठरत, आणि हवामानातील फरकाने इतर घड्याळेही मागेपुढे होत.

मग माणसाने बनविलेल्या घड्याळाऐवजी आकाशाचेच घड्याळ का वापरू नये, असा विचार ज्योतिर्विदांनी केला. तारे परस्परांच्या संदर्भात स्थिर दिसतात. चंद्र मात्र त्यांच्यामधून दररोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. म्हणजे तारे हे या घड्याळाच्या तबकडीवरील आकडे आणि चंद्र हा त्याचा काटा. अमुक ताऱ्यापासून चंद्र किती अंतरावर असेल, हे ग्रिनिचच्या वेळेनुसार आधीच गणून ठेवले, तर जहाजावरील निरीक्षकाने ते कोनीय अंतर मोजून कोष्टकात पाहावे आणि ग्रिनिचची वेळ जाणावी, अशी ही कल्पना होती.

कल्पना सोपी असली तरी तिच्यात मोठी अडचण होती. हा काटा फार हळू चालतो. एका तासात चंद्र साधारणपणे आपल्या बिंबाच्या रुंदीएवढाच, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक, सरकतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. चंद्राच्या स्थानात एका कलेची चूक झाली तर वेळेत जवळजवळ दोन मिनिटांची चूक होते आणि रेखांशात ती सुमारे २७ कला, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास जाते. विषुववृत्तावर अर्धा अंश म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. तेव्हा बक्षिसास पात्र व्हावयाचे तर चंद्राचे स्थान त्याच्या बिंबाच्या तिसाव्या हिश्श्याइतके अचूक वर्तविणे भाग होते. चंद्र तर पृथ्वी आणि सूर्य या दोहोंच्या ओढीत सापडलेला. त्याची गती कधी वाढते, कधी मंदावते आणि त्याची कक्षाही फिरत राहते. न्यूटनसारख्यालाही या गतीचे पुरते समाधानकारक गणित मांडता आले नव्हते. त्यानंतरच्या कोष्टकांतही कित्येक कलांची चूक आढळत असे.

अनाथ मुलाचे शिक्षण

टोबियास मायर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७२३ रोजी वुर्टेंबर्गमधील नेकार नदीकाठच्या मारबाख या लहानशा गावी झाला. पुढे १७५९ साली कवी शिलर याचाही जन्म याच गावी झाला. टोबियासचे वडील गाड्या बनविणारे सुतार होते. मुलाच्या जन्मानंतर लवकरच हे कुटुंब एसलिंगेन या नगरात आले. तेथे वडिलांना नगराच्या विहिरी व पाणीपुरवठा यांची देखरेख करण्याचे काम मिळाले. परंतु १७३१ साली ते वारले. आठ वर्षांच्या टोबियासची सोय अनाथाश्रमात लागली, आणि १७३७ मध्ये आईचेही छत्र हरपले.

मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता आणि गणिताची ओढ त्याहूनही अधिक होती. त्याची ही भूक भागविण्यास गावातील कांडलर नावाचा एक चर्मकार साहाय्यभूत झाला. कांडलरलाही गणिताचा नाद होता. पुस्तके विकत घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ होते, पण वाचावयास सवड नव्हती. टोबियासजवळ सवड होती, पण पैसे नव्हते. तेव्हा चर्मकाराने पुस्तके आणावी, मुलाने ती वाचावी आणि दोघांनी त्यांवर चर्चा करावी, असा क्रम चालू झाला. तोफखान्यातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याकडून त्याला आलेखनाचे धडेही मिळाले. या शिदोरीवर त्याने १७३९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एसलिंगेन आणि परिसराचा नकाशा तयार केला. १७४१ साली भूमितीतील प्रश्न सोडविण्याच्या रीतींवरचे त्याचे पहिले पुस्तक छापले गेले.

नकाशांकडून चंद्राकडे

यानंतर मायर आउग्सबुर्ग येथे गेले. तेथील एका प्रकाशन संस्थेत काम करीत असताना १७४५ साली त्यांचा ‘गणिती ॲटलास’ प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी न्युरेंबर्ग येथील होमान यांच्या विख्यात नकाशा-कार्यालयात त्यांना नोकरी मिळाली. पुढील पाच वर्षे त्यांनी तेथे काढली.

नकाशे काढताना एक गोष्ट त्यांच्या तीव्रतेने ध्यानात आली. एकाच शहराचे स्थान निरनिराळ्या नकाशांत निरनिराळे दाखविलेले असे. बहुतेक गावांचे रेखांश कोणी मोजलेलेच नव्हते. ते प्रवासाच्या अंतरांवरून अंदाजाने ठरविलेले होते. मायर यांनी १७५० साली जर्मनीचा एक ‘चिकित्सक नकाशा’ प्रसिद्ध केला. जुन्या प्रतिष्ठित नकाशांतील सीमा आणि आपण ठरविलेल्या सीमा त्यांनी त्यात एकमेकांशेजारी दाखविल्या. कोणाची चूक कोठे आणि किती, हे वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे हा त्यामागील उद्देश होता. चूक लपवावयाची नाही, तिचे माप घ्यावयाचे, ही मायर यांच्या पुढील सर्व कार्यातील वृत्ती येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

जमिनीवरील गावांचे रेखांश काढण्यासाठी ग्रहणे आणि चंद्रामुळे होणारी ताऱ्यांची पिधाने उपयोगी पडत. पिधान म्हणजे चंद्रबिंबाआड तारा झाकला जाणे. यासाठी चंद्राची बारीक माहिती हवी होती. म्हणून १७४८ पासून मायर यांनी दुर्बिणीतून चंद्रावरील खुणांची स्थाने सूक्ष्ममापकाच्या साहाय्याने मोजण्यास प्रारंभ केला. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो हे खरे. तथापि ती बाजू किंचित डोलत असल्याने त्यावरील विवरे बिंबाच्या मध्यापासून कधी इकडे, कधी तिकडे सरकलेली दिसतात. या डोलण्यावरून चंद्राचा अक्ष किती कललेला आहे हे काढता येते. मायर यांनी ‘मॅनिलियस’ या विवराचे सत्तावीस वेध घेतले. प्रत्येक वेधापासून एक समीकरण मिळाले, आणि अज्ञात राशी होत्या केवळ तीन.

येथेच त्यांच्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. तीन अज्ञात राशी काढण्यास तीन समीकरणे पुरेशी असतात. परंतु सत्तावीसांपैकी कोणती तीन निवडावयाची? प्रत्येक वेधात थोडी ना थोडी चूक असणारच. त्यामुळे निवड बदलली की उत्तरही बदलते. त्या काळच्या शास्त्रज्ञांचा कल उत्तम वाटणारे वेध ठेवून बाकीचे बाजूस सारण्याकडे असे. अनेक वेध एकत्र मिसळल्यास चुकाही साचत जातील अशी भीती होती. खुद्द ऑयलरसारखा थोर गणिती गुरू आणि शनी यांच्या गतीचा विचार करताना याच ठिकाणी अडखळला होता. मायर यांनी मात्र एकही वेध टाकला नाही. त्यांनी सत्तावीस समीकरणांचे नऊ-नऊंचे तीन गट विचारपूर्वक पाडले आणि प्रत्येक गटाची बेरीज केली. त्यातून मिळालेल्या तीन समीकरणांवरून त्यांनी उत्तर काढले. काही वेधांत चूक एका बाजूची असेल तर काहींत दुसऱ्या बाजूची. बेरजेत त्या बऱ्याच अंशी परस्परांना छेदून टाकतात, हे त्यांनी ओळखले होते. चंद्राच्या विषुववृत्ताचा क्रांतिवृत्ताशी असलेला कल त्यांना सुमारे दीड अंश आढळला. पूर्वी कासिनी याने तो अडीच अंश मानला होता. आजचे मूल्य सुमारे १ अंश ३२ कला आहे.

नऊपट वेध घेतल्याने आपले उत्तर नऊपट विश्वसनीय झाले, असे मायर यांना वाटत होते. पुढील काळातील सिद्धांताप्रमाणे हा लाभ नऊपट नसून तिपटीचा ठरतो. पण मूळ पाऊल योग्य दिशेने पडले होते. वेधांतील चुकांचा पद्धतशीर हिशेब करणारी ‘लघुतम वर्ग’ रीत लझांद्र याने १८०५ साली प्रसिद्ध केली. तिच्याकडे नेणाऱ्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

गटिंगेनचा प्राध्यापक

न्युरेंबर्गमधील या कार्यामुळे मायर यांचे नाव विद्वानांत पसरले. १७५१ साली गटिंगेन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. कधीही विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी न चढलेला हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण अशा रीतीने एकदम अध्यापक म्हणूनच तेथे दाखल झाला. त्याच वर्षी मारिया व्हिक्टोरिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ पासून वेधशाळेची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. ही वेधशाळा म्हणजे गावाच्या तटाचा एक जुना बुरूज होता.

या काळात ऑयलर यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चालू होता. चंद्राच्या गतीच्या समीकरणांचे स्वरूप ऑयलर यांनी सिद्धांतावरून दाखविले होते. परंतु त्या समीकरणांतील प्रत्येक पदाचा आकडा निव्वळ सिद्धांतावरून पुरेसा अचूक काढणे अतिशय बिकट होते. मायर यांनी मधला मार्ग काढला. समीकरणाचा साचा सिद्धांतावरून घ्यावयाचा आणि त्यातील आकडे ग्रहणे, पिधाने व इतर वेध यांच्याशी ताडून सुधारावयाचे. या रीतीने तयार केलेली सूर्य-चंद्राची कोष्टके त्यांनी १७५३ साली गटिंगेनच्या विद्वत्सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

प्राच्यविद्यापंडित मिखाएलिस हे त्यांचे गटिंगेनमधील सहकारी होते. त्यांच्या प्रोत्साहनाने ही कोष्टके लंडनला रेखांशाच्या बक्षिसासाठी पाठविण्यात आली. गटिंगेन ज्या हानोव्हर राज्यात होते त्याचा अधिपती आणि इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज ही एकच व्यक्ती असल्यामुळे हा मार्ग सुलभ झाला. राजज्योतिषी ब्रॅडली यांनी ती कोष्टके ग्रिनिचच्या वेधांशी ताडून पाहिली. दोनशेहून अधिक तुलनांत कोठेही दीड कलेएवढा फरक आढळला नाही, असा निर्वाळा त्यांनी १७५६ साली दिला.

कोष्टकांबरोबर मायर यांनी कोन मोजण्याच्या एका नव्या यंत्राची कल्पनाही पाठविली होती. यंत्राच्या वर्तुळावरील अंशांच्या रेषा आखताना कारागिराकडून काही चूक राहतेच. म्हणून एकच कोन वर्तुळावर ओळीने अनेक वेळा मोजावा, शेवटचा आकडा तेवढा वाचावा आणि त्यास मोजण्यांच्या संख्येने भागावे, म्हणजे आखणीची चूकही तितक्या पटीने विभागली जाते. याच तत्त्वावर फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा याने पुढे आपले वर्तुळयंत्र सिद्ध केले. मीटरची लांबी ठरविण्यासाठी फ्रान्समध्ये १७९२ पासून जी मोजणी झाली, तीत बोर्दाचे यंत्र वापरण्यात आले. इंग्लंडमध्ये कप्तान कॅम्बेल यांनी मायर यांचे यंत्र समुद्रावर वापरून पाहिले, तेव्हा ते जड व गैरसोयीचे वाटले. त्यातूनच वर्तुळाऐवजी त्याचा सहावा भाग पुरे, असा विचार निघाला आणि दर्यावर्दींच्या हाती सेक्स्टंट आला.

युद्ध, आजार आणि अपुरे राहिलेले कार्य

१७५५ साली लंडनचा कुशल कारागीर जॉन बर्ड याने बनविलेले सहा फूट त्रिज्येचे भिंतीवरील तुरीय यंत्र गटिंगेनच्या वेधशाळेत बसविण्यात आले. इतक्या उत्तम यंत्रावरही मायर यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. यंत्र उत्तर-दक्षिण रेषेतून किती ढळले आहे, त्याची दुर्बीण किती तिरकी आहे, हे दोष शोधून वेधांत त्यांची दुरुस्ती करण्याची रीत त्यांनी बसविली. मग त्यांनी राशिचक्राच्या पट्ट्यातील ९९८ ताऱ्यांची यादी तयार केली. या यादीतील एक ‘तारा’ त्यांनी १७५६ साली नोंदविला होता. विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनसचा शोध लावल्यावर असे दिसून आले की, मायर यांचा तो तारा म्हणजे हा ग्रहच होता. १७६० साली त्यांनी सुमारे ऐंशी ताऱ्यांची स्थाने रोमर याने १७०६ साली घेतलेल्या वेधांशी ताडून पाहिली. काही तारे आपल्या जागेवरून हलले असल्याचे त्यांना त्यातून दाखविता आले.

हे सर्व चालू असतानाच १७५६ मध्ये सप्तवार्षिक युद्ध पेटले. गटिंगेन फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेले. ज्या बुरुजावर नाजूक यंत्रे ठेवलेली होती, त्याच बुरुजात सैनिकांनी तोफेची दारू साठविली. वेध घेणे दुरापास्त झाले. गावात रोगराई पसरली. मायर यांना विषमज्वरासारख्या एका घातक तापाने ग्रासले आणि २० फेब्रुवारी १७६२ रोजी, एकोणचाळिसावा वाढदिवस होऊन अवघे तीन दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. थोरला मुलगा योहान टोबियास त्या वेळी नऊ वर्षांचा होता. बक्षिसाचा निर्णय अद्याप लागला नव्हता.

इकडे समुद्रावर मात्र कोष्टकांची कसोटी चालूच होती. १७६१ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी सेंट हेलेना बेटावर जाताना नेव्हिल मॅस्केलिन यांनी वाटेत मायर यांच्या कोष्टकांनी रेखांश काढले. ही रीत उपयुक्त असल्याबद्दल त्यांची खात्री पटली, आणि १७६३ साली त्यांनी नाविकांसाठी तिचे विवरण करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी मारिया मायर यांनी आपल्या पतीच्या हातची सुधारलेली अखेरची कोष्टके लंडनला पाठविली. बार्बाडोस बेटापर्यंतच्या सफरीत मायर यांची कोष्टके आणि इंग्लंडमधील स्वयंशिक्षित कारागीर जॉन हॅरिसन याचे सागरी घड्याळ या दोहोंची परीक्षा झाली. हॅरिसनचे घड्याळ सुमारे दीड महिन्याच्या प्रवासात ४० सेकंदांहूनही कमी चुकले. कोष्टकांची अचूकता त्याच्या तोडीची नव्हती, तरी ती नाविकांच्या कामास पुरेशी होती.

१७६५ साली पार्लमेंटने या सर्वांचा विचार केला. हॅरिसन याला पहिल्या हप्त्यादाखल दहा हजार पौंडांपर्यंतची रक्कम देण्याचे ठरले. मायर यांच्या विधवा पत्नीला तीन हजार आणि ऑयलर यांना तीनशे पौंड देण्यात आले. मूळ बक्षिसाच्या मानाने मायर यांचा वाटा लहान होता, आणि तो स्वीकारावयास ते स्वतः हयातही नव्हते. पण एका परदेशी प्राध्यापकाच्या गणिताला मिळालेली ही पार्लमेंटची मान्यता होती.

कोष्टकांचा प्रवास

मॅस्केलिन यांनी १७६७ या वर्षापासूनचे ‘नाविक पंचांग’ सुरू केले. त्यातील चंद्र-ताऱ्यांची अंतरे मायर यांच्या कोष्टकांवरून काढलेली होती. पूर्वी जहाजावर एका वेधाचे गणित करण्यास सुमारे चार तास लागत. बराचसा हिशेब आधीच छापून मिळू लागल्यावर हे काम अर्ध्या तासाच्या आसपास होऊ लागले. कप्तान कुक यांनी १७६८ ते १७७१ या आपल्या पहिल्या जगप्रदक्षिणेत घड्याळ नेले नव्हते. न्यूझीलंडचा आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा काढताना त्यांनी चंद्राच्या वेधांवरच भिस्त ठेवली. पुढे सागरी घड्याळे स्वस्त झाली व प्रचारात आली. तरीही लांबच्या प्रवासात घड्याळ चुकत तर नाही ना, हे पाहण्यासाठी चंद्राचा आधार घेतला जाई. ब्रिटिश नाविक पंचांगात ही अंतरे १९०६ पर्यंत छापली जात होती. अर्थात तोपर्यंत मायर यांच्या कोष्टकांची जागा अधिक सुधारलेल्या कोष्टकांनी घेतली होती.

मायर यांनी काढलेला चंद्राचा नकाशा त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १७७५ साली, गटिंगेनचे प्राध्यापक लिख्टेनबेर्ग यांनी प्रसिद्ध केला. मोजलेल्या स्थानांवर आधारलेला चंद्राचा हा पहिला नकाशा असून सुमारे पन्नास वर्षे त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. मायर यांचा मुलगा योहान टोबियास हाही पुढे गटिंगेनला प्राध्यापक झाला. मारबाख येथे मायर यांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मायर यांच्याजवळ ऑयलर यांच्याइतकी गणिती प्रतिभा नव्हती, की हॅरिसनसारखे यंत्र घडविणारे हात नव्हते. नकाशा असो, विवराचे वेध असोत, की बर्डचे उत्कृष्ट यंत्र असो, यात चूक किती आणि ती कोणत्या बाजूची, हा प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत सोडीत नसत. निर्दोष साधनाची वाट पाहत ते थांबले असते, तर त्यांना लाभलेल्या अल्प आयुष्यात काहीच हाती लागले नसते. सदोष साधनांतून विश्वसनीय ज्ञान मिळविण्याची ही रीत पुढे सर्वच प्रायोगिक शास्त्रांनी स्वीकारली. अठराव्या शतकातील अनेक नाविक आपल्या घरी सुखरूप परतले, त्याचे काही श्रेय गटिंगेनच्या बुरुजावर बसून चंद्राचा हिशेब करणाऱ्या या प्राध्यापकाला दिले पाहिजे.